देवळाबाहेरचा वास
धर्मांतरानंतरची पहिली बुद्धजयंती आली होती. परळच्या चाळीतली सगुणा सुनेला घेऊन ठाकूरद्वारच्या उदबत्तीवाल्याकडे गेली. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा यायचा होता, म्हणून तो दुकान बंद करायला फळ्या लावत होता. "आमच्या गावच्या देवळात लावायचे, तसल्या द्या," सगुणा म्हणाली. "देव सोडले ना, आई?" सून कुजबुजली. "देव सोडले. वास आवडायचा." "कसल्या असायच्या?" उदबत्तीवाल्याने विचारलं. "काय ठाऊक. आम्हाला पायरी बंद. वडापाशी उभं राहायचो, तिथवर वास यायचा." त्याने फळी खाली ठेवली. मोगरा, चंदन, केवडा हुंगायला दिला. सगुणा नाही म्हणत गेली. मग त्याने काळपट काडी पेटवली. "हाच," ती म्हणाली. "ही राळेची. राळ म्हणजे झाडाचा सुकलेला चीक." सगुणा धुराकडे बघत राहिली. "मला जन्मभर वाटलं, देवाचाच वास येतो," ती सुनेला म्हणाली. "झाडाचा होता गं."