दाराची कडी

शिलाईच्या कारखान्यात काजं करणारी अक्का जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर परदेशी मालकाची भाषा शिकायची. "माझी मांजर दूध पिते," असं मोठमोठ्याने घोकायची. "अक्का आता विमानातच बसणार गं!" बायका खिदळायच्या. वर्षभर तिने कुणाला दाद दिली नाही.

मालक पाहणीला आला. अक्का चौथ्यांदा म्हणाली, "मुकादम, साहेबांना सांगा, संडासाच्या दाराला आतून कडी हवी." मुकादम मालकाशी त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. मालक खूश होऊन हसला. "साहेब याही वेळी नाहीच म्हणतात," मुकादमाने सांगितलं.

अक्का उठली आणि मालकाच्याच भाषेत, एकेक शब्द जुळवत मुकादमाला म्हणाली, "सगळं छान आहे, असं मी कधी म्हणाले? मागच्या तिन्ही वेळी साहेबांना हेच सांगितलंत?"