जावेचं गोड बोलणं

कर्जात घर गेलं, तेव्हापासून आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी धाकट्या जावेच्या मागच्या खोलीत. आम्ही दिवा लावला की बटण बंद करायला ही हजर. सरकारी घरासाठी अर्ज केला होता, त्याच्या चौकशीला आज साहेब आला. जावेनं ठेवणीतले कप काढले. "ह्या मला आईसारख्या. मरेपर्यंत इथंच राहतील, आम्ही काय परके आहोत?" म्हणाली आणि कप विसळायला आत गेली. एरवी माझ्या जिभेपुढं कुणी टिकत नाही. पण तिच्याच छपराखाली बसून तिला खोटं कसं पाडू? साहेब उठला. "आजी, नशीबवान आहात. घर ज्यांना कुणीच नाही त्यांना देतो."

तो गेला तशी जाऊ हात पुसत बाहेर आली. "एवढं गोड बोलले तुमच्यासाठी. किल्ली कधी देतोय मग?"