समक्ष पाहिले

दुपारी दोनला तिने रुग्णाच्या छातीत नळी घातली. आठ वर्षं वॉर्ड सांभाळणाऱ्या या डॉक्टरला तज्ज्ञ होण्याच्या प्रशिक्षणासाठी आज पाचपर्यंत अर्ज द्यायचा होता, आणि त्यावर ‘काम समक्ष पाहिले’ या छापील ओळीखाली विभागप्रमुखांची शेवटची सही बाकी होती. सर मात्र नळी घालायच्या वेळी दारातूनच परतले होते: “तू आहेस ना, मग मी कशाला मध्ये लुडबुडू?” रुग्णाला धाप लागलेली, थांबायला सवड नव्हती. चारला सरांनी पेन काढलं. “सर, तुम्ही पाहिलं नाहीत.” “मॅडम, गप्प बसा की,” सिस्टर पुटपुटल्या. सरांनी छापील ओळ खोडून लिहिलं, ‘आठ वर्षांत पाहण्याची गरज पडली नाही’, आणि सही ठोकली. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने ते दोनदा वाचलं. “मॅडम, हे चालतं का, वरती विचारावं लागेल.” पाच वाजले तरी अर्जावर शिक्का नव्हता, तो परतही मिळाला नव्हता.