मशीनला न कळलेली ओळ

टाउनशिपची लाइट गेली आणि यूपीएस ओरडायला लागला. माझ्या बायकोला, सुचेताला दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून तिचा कॉम्प्युटर मी बंद केला नव्हता. ती गेली, पण तिने लिहिलेलं पडद्यावर तसंच होतं.

इंद्रपुरीहून मला भेटायला आलेला, तिच्या सेक्शनचा उदय ताडकन उठला. "सरका काका. बॅटरी संपली तर सगळं जाईल."

त्याने भराभर टाइप केलं. फ्लॉपी घरघरून थांबली आणि पडदा काळा झाला.

"वाचला. मॅडमचा पूर्ण प्रोग्राम सेव्ह झाला."

"आणि त्याच्याखाली तिने लिहिलं होतं ते? 'ऐक ना रे बाबा, मला पोळ्या करायच्यात'?"

"ते कसं राहील काका? मशीनला ते कळलंच नाही, एरर देऊन सोडून दिलं."

पडद्यावरचं मला तेवढंच कळत होतं.