वीस फुटांची दोरी

नेरच्या श्रावण गुरुजींनी म्हातारपणी कुत्र्याचं पिल्लू पाळलं आणि रोज सकाळी अंगणात त्याची शाळा भरू लागली. गळपट्ट्याला वीस फुटांची सुती दोरी बांधायची, त्याला हवं तिकडे हुंदडू द्यायचं आणि मग हळूच हाक मारायची, "गबऱ्या, ये!" आलं की पाठीवर हात, "शाब्बास!" आणि अर्धं बिस्कीट. नाही आलं तर, "घाई नाही राजा, पुन्हा करू."

ओसरीवर चहा पिणाऱ्या अतुलला, म्हणजे त्यांच्या मुलाला, तो 'राजा' रोज टोचायचा. आज त्याला राहवलं नाही.

"बाबा, मले तं आठच्या पाढ्यासाठी पट्टीनं फोडलं होतं तुम्ही! याले मात्र राजा!"

"तू कुठी पळून जात होता?" गुरुजी म्हणाले. "हे पळते ना, बाप्पा."

अतुलनं कप आदळला. तेवढ्यात पिल्लानं गुरुजींभोवती गरागरा फेऱ्या मारल्या आणि दोरी त्यांच्या पायांना गुंडाळली गेली.

"अतुल, ये!" ते ओरडले.

अतुल धावत गेला, खाली बसून एकेक वेढा सोडवू लागला. शेवटचा वेढा सुटला, तसा गुरुजींचा हात सवयीनं त्याच्या पाठीवर पडला. "शाब्बास!" म्हणत त्यांनी हातातलं अर्धं बिस्कीट पुढे केलं.



पंचेचाळिशीच्या अतुलनं ते पिल्लाला दाखवून दाखवून खाल्लं.