दुसऱ्या ओळीतली बाळं

"लॅबवाले म्हणतात, मंगळवारीच मेल केलाय," नवजात कक्षाची सिस्टर फोनवर सांगत होती. "माझ्याकडे काहीच नाही. सहज विचारलं म्हणून कळलं. जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन तपासतात ना, त्यात दोष निघाला तरच ते मेल करतात हो. मेल नाही, म्हणजे बाळ ठीक. असं धरूनच आम्ही चालतो."

"फोन ठेवू नका," मेलताई म्हणाली. हॉस्पिटलचा मेल सर्व्हर ती सांभाळायची, म्हणून हे नाव.

लॅबच्या प्रत्येक मेलच्या माथ्यावर, वाचणाऱ्याला न दिसणारी एक ओळ असते. आधी रुग्णाचं नाव, मग कक्षाचं. त्यातून कक्ष वेचायचा आणि मेल तिथं धाडायचा, असा सर्व्हरला नियम घालून दिलेला. कक्ष सापडला नाही, तर मेल 'इतर' पेटीत. ती पेटी कोणी उघडत नसे.

तिनं उघडली. अकरा मेल. सगळे नवजात कक्षाचे.

"नियमच काढून टाक," मागून साहेब म्हणाले. "सगळ्यांना सगळं जाऊ दे."

"मग कोणीच काही वाचणार नाही."

"लिहिला कोणी हा?"

"मी. बाळंतपणाच्या रजेवरून आले, त्या आठवड्यात."



तिनं दोन मेल शेजारीशेजारी लावले. मोठ्या माणसाची ओळ सरळ. बाळाची मोडलेली. बाळांना अजून नाव नसतं. लॅब आईचं सगळं नाव लिहिते, पुढं 'यांचं बाळ', जुळं असेल तर पहिलं की दुसरं तेही. एका ओळीत एवढं मावत नाही. कक्षाचं नाव खालच्या ओळीत ढकललं जातं, आणि तिचा नियम पहिली ओळ संपली की थांबायचा. लिहिला तेव्हा तिनं स्वतःचं नाव घालून तपासला होता. सुटसुटीत, चार अक्षरी.

मोडलेली ओळ आधी जोड, मग वाच. एवढंच वाढवायचं होतं. तरी तिनं अकराही मेलवर चालवून पाहिलं. दहा निघाले. अकरावा तीन ओळींचा होता. ओठ आवळून तिनं पुन्हा लिहिलं.

"आता बघा."

सिस्टर मोजत होती. मग तिचा आवाज उतरला. "यातली नऊ घरी गेलीत, ताई. एक तर तीन आठवड्यांपूर्वी. थायरॉइड कमी आहे त्याचं. अशी बाळं रडत नाहीत, नुसती झोपून राहतात. आणि आज मी एकटीच आहे इथं."

"त्याचा नंबर सांगा. बाकीचे तुम्ही सुरू करा."

दुसऱ्याच रिंगला आईनं फोन उचलला. आवाज अगदी दबका.

"जरा हळू बोला हं. झोपलंय. फार गुणी आहे हो, त्रास म्हणून नाही."

"उठवा त्याला," मेलताई म्हणाली.