सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब

कुरडयांचा चीक कुणामुळं बिघडला, यावरून रंगुबाई आणि त्यांची धाकटी जाऊ छबूबाई नऊ वर्षं बोलत नव्हत्या. अंगण मात्र एकच. यंदा रंगुबाईंना काचबिंदू निघाला. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ घालायला थेंब दिले. पण रंगुबाईंचा हात थरथरायचा आणि थेंब कधी गालावर पडायचा, कधी कानात. तीन दिवस छबूबाईंनी समोरच्या ओट्यावरून हे पाहिलं. चौथ्या दिवशी त्या तरातरा आल्या, बाटली हिसकावून घेतली आणि म्हणाल्या, "मान वर करा, अक्का!"

तेव्हापासून थेंबाला मिनिटभर लागायचं आणि गप्पांना तासभर.

महिन्यानं दोघी तपासणीला गेल्या.

"डोळ्यातलं प्रेशर छान उतरलंय, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रंगुबाईंचं तोंडच उतरलं. "मंग थेंब बंद?"

"नाही हो. काचबिंदूला थेंब जन्मभर घालावे लागतात," डॉक्टरीणबाई ओशाळून म्हणाल्या.

रंगुबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या काही बोलायच्या आत मागून छबूबाईच म्हणाल्या, "मंग दोन बाटल्या लिहून द्या, बाई. एक माझ्या घरात ऱ्हाईल."